विसंवाद, गैरसमज की चुकामूक? वैमानिक आणि नियंत्रक यांच्या संभाषणातील काही शब्द

मूळ प्रश्न

स्पेनच्या तेनेरिफे बेटावर १९७७ साली झालेल्या विमान अपघातावरील एका लेखाचे मराठी भाषांतर मी करीत आहे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांनी एकमेकांचे बोलणे वेगवेगळ्या अर्थांनी घेतले, या प्रकाराला मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा? वर्तमानपत्रांत 'विसंवाद', 'गैरसमज' आणि 'समन्वयाचा अभाव' असे तीनही प्रयोग आढळतात. पहिल्या खर्ड्यात मी असे वाक्य लिहिले आहे: 'नियंत्रण कक्षाने उड्डाणाची परवानगी दिली आहे, असा गैरसमज झाल्याने वैमानिकाने उड्डाण केले.' व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काही खटकत नाही, परंतु मूळ संभाषण वाचल्यापासून ते मला अपुरे वाटू लागले आहे. जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

'विसंवाद' येथे टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 'संवाद' म्हणजे मुळात मेळ, जुळणे. वादी स्वराशी जुळणारा तो संवादी, हा संगीतातला अर्थ अजून शाबूत आहे. त्यामुळे 'विसंवाद' म्हटले की न पटणे, सूर न जुळणे, खटके उडणे असा भाव मनात येतो. दोन खात्यांमध्ये किंवा दोन भावांमध्ये विसंवाद असतो. तेनेरिफेत कोणाचे कोणाशी बिनसले नव्हते. 'समन्वयाचा अभाव' हा प्रयोग तर इतका कार्यालयीन झाला आहे की त्यातून काहीच कळत नाही. उरला 'गैरसमज'. तो जवळचा आहे, पण गैरसमज 'होतो' तो ऐकणाऱ्याला आणि बोलणारा त्यातून सुटतो. तुमच्या वाक्यात सगळा भार एकट्या वैमानिकावर पडला आहे, तो यामुळेच. प्रत्यक्षात त्याच काही सेकंदांत नियंत्रकाचाही तितकाच समज चुकला होता.

मी 'चुकामूक' सुचवतो. 'दादरला पुलावर भेटू' असे ठरवून दोघे जण निघतात. एक जण एका पुलावर थांबतो आणि दुसरा दुसऱ्या. दोघेही वेळेवर आलेले असतात, दोघांनीही दिलेला शब्द पाळलेला असतो आणि तरीही भेट होत नाही. यात चूक एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. ती त्या दोघांच्या मधल्या 'पुलावर' या शब्दात असते. 'अर्थाची चुकामूक' किंवा 'बोलण्यातली चुकामूक' असे म्हटले, तर तेनेरिफेचे वर्णन नेमके होते.

आता त्या दिवसाचे संभाषण जवळून पाहू, कारण तुमच्या वाक्यातली खरी अडचण 'गैरसमज' या शब्दापेक्षा 'उड्डाणाची परवानगी' या जोडीत आहे. दिवस २७ मार्च १९७७. ग्रान कानारिया बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने तिकडे जाणारी विमाने तेनेरिफे बेटावरील लॉस रोदेओस या लहानशा विमानतळावर वळवण्यात आली होती. धावपट्टी एकच, आणि त्यातच दाट धुके उतरलेले. नेदरलँड्सच्या केएलएम कंपनीचे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला वळून उभे होते, आणि अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमचे दुसरे ७४७ त्याच धावपट्टीवरून त्याच्याच दिशेने सावकाश येत होते. दोन्ही विमाने एकमेकांना दिसत नव्हती आणि नियंत्रण मनोऱ्यालाही दिसत नव्हती. त्या घटकेला तिघांकडे शब्दांशिवाय दुसरे काहीही नव्हते.

केएलएमच्या सहवैमानिकाने कळवले, 'आम्ही टेकऑफसाठी तयार आहोत आणि एटीसी क्लिअरन्सची वाट पाहत आहोत.' या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) क्लिअरन्स म्हणजे हवेत गेल्यावर कोणत्या वाटेने जायचे, किती उंची गाठायची आणि कोठे वळायचे याची मंजुरी. ती मिळाली तरी विमानाने धावपट्टीवर धाव घ्यायची नसते. त्यासाठी टेकऑफ क्लिअरन्स ही स्वतंत्र परवानगी लागते. नियंत्रकाने फक्त पहिली दिली: पापा बीकन या रेडिओ खुणेपर्यंत जावे, पातळी नव्वदपर्यंत (ढोबळमानाने नऊ हजार फूट) चढावे, टेकऑफनंतर उजवीकडे वळावे, वगैरे. मागणाऱ्याने एका दमात दोन गोष्टी मागितल्या, देणाऱ्याने एक दिली, आणि दिलेल्या मजकुरात दुसरीचे नाव उच्चारले गेले.

सहवैमानिकाने रीतीप्रमाणे ती मंजुरी शब्दशः परत म्हणून दाखवली आणि शेवटी एक वाक्य जोडले: 'वी आर नाउ अ‍ॅट टेकऑफ.' तोवर विमानाने धाव घ्यायला सुरुवात केली होती. इंग्रजीत असे कोणी म्हणत नाही. चालू असलेली क्रिया सांगण्यासाठी डच भाषेत क्रियापदाच्या आधी 'आन हेट' असे शब्दयोगी रूप येते, त्याची छाया या 'अ‍ॅट'वर पडली असावी, असे भाषाभ्यासकांचे स्पष्टीकरण आहे. नियंत्रकाने मात्र 'अ‍ॅट' म्हणजे जागा असा अर्थ घेतला: विमान टेकऑफच्या ठिकाणी सज्ज उभे आहे. तो म्हणाला, 'ओके', आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाला, 'टेकऑफसाठी थांबा, मी कळवतो.' नेमके त्याच वेळी पॅन अ‍ॅमने 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असे रेडिओवर सांगितले. एकाच लहरीवर दोघे एका वेळी बोलले की फक्त कर्कश शिटी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' तेवढे स्वच्छ पोहोचले आणि पुढचे सारे त्या शिटीत मिसळून गेले. काही सेकंदांनी फ्लाइट इंजिनिअरने विचारले, 'ते पॅन अमेरिकन अजून बाहेर पडले नाही का?' कॅप्टनचे उत्तर डचमध्ये होते, 'यावेल.' मराठीत त्याला 'हो तर!' हा अगदी बरोबर प्रतिशब्द आहे; शंका घेणाऱ्याला गप्प करणारे 'हो'. त्या टकरीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. पॅन अ‍ॅममधील ६१ जण वाचले.

हे सारे मराठी कानाला परके वाटू नये. स्वयंपाकघरातून 'पानं वाढली' अशी हाक येते, आतल्या खोलीतून 'आलो' असे उत्तर जाते, आणि 'आलो' म्हणणारा अजून खुर्चीतून उठलेलाही नसतो. 'निघालो' हे रूप भूतकाळाचे, पण दारातून बाहेर पडलेला, चपला घालत असलेला आणि नुसता मनाशी ठरवलेला, असे तिघेही ते वापरतात. घरातून बाहेर पडताना तर आपण 'येतो' म्हणतो आणि जातो. घरात हे चालते, कारण समोरचा डोळ्यांनी पाहत असतो. धुक्यात तसे पाहता येत नाही. नियंत्रकाच्या 'ओके'चा मराठी अवतार म्हणजे 'बरं'. 'बरं' म्हणजे ऐकले, 'बरं' म्हणजे पटले आणि 'बरं' म्हणजे पुढे बोला. यांपैकी कोणते, हे सुरावरून ठरते, आणि सूर शिटीत हरवतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, 'वी आर नाउ अ‍ॅट टेकऑफ' या वाक्याचे 'आम्ही आता उड्डाण करीत आहोत' असे सफाईदार भाषांतर करू नका. तसे केले की नियंत्रकाने ते कसे ऐकले नाही, याचेच वाचकाला नवल वाटत राहील. 'आम्ही आता टेकऑफवर आहोत' असे ओबडधोबडच ठेवा. मूळ वाक्यातली संदिग्धता भाषांतरात उतरली नाही, तर अपघाताचे कारणच गाळले गेल्यासारखे होईल.

दुसरी विनंती 'उड्डाण' या शब्दाविषयी आहे. 'पहाटेचे उड्डाण रद्द झाले', 'उड्डाण दोन तासांचे आहे' आणि 'विमानाने उड्डाण केले' या तीन वाक्यांत तो तीन अर्थांनी येतो. फेरी, प्रवास आणि जमीन सोडणे. तेनेरिफेनंतर जगभर असा दंडक घालण्यात आला की 'टेकऑफ' हा शब्द ती परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, आणि त्याआधीच्या सगळ्या बोलण्यात 'डिपार्चर' म्हणायचे. म्हणजे एक शब्द कुलूप लावून ठेवला आणि त्याची किल्ली एकाच वाक्याला दिली. आपण मराठीत दोन्हींसाठी 'उड्डाण' लिहिले, तर तो दंडक मराठी वाचकाला समजावूनच सांगता येणार नाही. 'डिपार्चर'ला 'प्रस्थान' चांगला आहे, आणि 'टेकऑफ' तसाच ठेवावा. तो आता सगळ्यांना कळतो. 'एटीसी क्लिअरन्स'ला 'मार्गाची मंजुरी' आणि दुसरीला 'टेकऑफची परवानगी' असे म्हटले की दोन वस्तू दोन नावांनी उभ्या राहतात.

प्रतिसाद २

'मंजुरी' आणि 'परवानगी' हा भेद मान्य आहे. 'चुकामूक'बद्दल मात्र शंका आहे. हा शब्द घरगुती आहे. बाजारात, लग्नाच्या गर्दीत वापरण्याचा. इतक्या माणसांचा जीव ज्यात गेला, त्या घटनेला तो पेलेल का? आणखी एक विचारायचे आहे. नियंत्रकाच्या बोलण्याला बातम्यांमध्ये सरसकट 'सूचना' म्हणतात. तेही सैल वाटते.

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून)

'चुकामूक' घरगुती आहे, हे खरे. परंतु पुराच्या रात्री किंवा दंगलीत ज्यांची चुकामूक झाली, त्यांच्यापैकी कित्येकांची पुन्हा कधीच गाठ पडली नाही, आणि त्यासाठीही आपल्याकडे हाच शब्द वापरला जातो. शब्दाचे वजन त्याच्या आजूबाजूच्या वाक्यातून येते. 'प्राणघातक चुकामूक' असे लिहिण्याची मात्र गरज नाही; मृतांचा आकडा पुढच्या वाक्यात आला की पुरे.

'सूचना' या शब्दाचा तुम्ही काढलेला मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीत फलकावरची माहिती ही सूचना, वरिष्ठांचा आदेश ही सूचना, आणि सभेत 'अशी सूचना मांडतो' म्हणून केलेला प्रस्ताव हीदेखील सूचनाच. या तीन अर्थांपैकी पहिले दोन एकत्र झाले की काय धोका संभवतो, हे आपल्याच देशात घडलेल्या एका अपघाताच्या संभाषणातून दिसते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात कझाकस्तानचे इल्युशिन ७६ आणि सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ यांची टक्कर होऊन ३४९ जण ठार झाले. कझाक विमान दिल्लीकडे उतरत होते आणि सौदी विमान दिल्लीहून निघून वर चढत होते. उतरणाऱ्याला पातळी १५० आणि चढणाऱ्याला पातळी १४०, म्हणजे ढोबळमानाने १५ हजार आणि १४ हजार फूट, अशा उंच्या नेमून दिल्या होत्या. समोरून सौदी विमान येत आहे, ते १४० पातळीवर आहे, हेही नियंत्रकाने कझाक विमानाला सांगितले होते. त्या विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे होते, ही आणखी एक पायरी. कझाक विमान १५० वर थांबले नाही. ते खाली आले. अपघाताची चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने नेमून दिलेली पातळी परवानगीविना सोडणे हे अपघाताचे कारण ठरवले आणि कझाक कर्मचाऱ्यांच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाकडेही बोट दाखवले.

या संभाषणाचे भाषांतर करताना '१५० वर राहा' हा आदेश आहे आणि 'समोरचे विमान १४० वर आहे' ही माहिती आहे, हे दोन शब्दांनीच वेगळे करायला हवे. 'नियंत्रकाने १५० आणि १४० या पातळ्यांबाबत सूचना दिल्या' असे वाक्य लिहिणाऱ्याने आपल्या हाताने दोन्ही विमाने एका रेषेत आणून ठेवली, असे मी म्हणेन. आदेश तो आदेश आणि माहिती ती माहिती. 'सूचना' हा शब्द विमानतळावरील ध्वनिक्षेपकासाठी राखून ठेवावा.

आदेशाचा शब्द आला की तो ऐकल्याची पावतीही आली. 'रॉजर' या शब्दाचे भाषांतर बहुतेक ठिकाणी 'हो' किंवा 'ठीक आहे' असे केलेले दिसते. ते चूक आहे. 'रॉजर' म्हणजे 'तुमचे शेवटचे बोलणे मला पूर्ण ऐकू आले', इतकेच. त्यात होकार नाही आणि तसे करण्याचे वचनही नाही. तसे करायचे असेल तर 'विल्को', म्हणजे 'ऐकले, तसे करतो'. होकारासाठी 'अफर्म' म्हणतात; 'अफर्मेटिव्ह' असे पूर्ण म्हणायचे नाही, कारण खरखरीत नुसते 'टिव्ह' ऐकू आले तर ते 'निगेटिव्ह'चेही असू शकते. आपण फोनवर दुसऱ्याचे बोलणे ऐकताना 'हो… हो…' म्हणत राहतो, त्यातले प्रत्येक 'हो' हे 'रॉजर' असते, आणि पलीकडचा पुष्कळदा ते 'विल्को' समजतो. म्हणून भाषांतरात 'रॉजर'साठी 'ऐकले' लिहावे.

याच अनुषंगाने आणखी एका जोडीविषयी लिहितो, कारण मराठीत तिचे भाषांतर नेहमीच बिघडते. २५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाच्या आव्हिआंका कंपनीचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे येत होते. खराब हवामानामुळे त्याला वाटेत तीन वेळा मिळून सव्वा तासाहून अधिक काळ घिरट्या घालायला लावल्या गेल्या. सहवैमानिक म्हणाला, 'आम्हाला प्रायॉरिटी लागेल असे वाटते.' पहिल्यांदा उतरण्याचा प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने त्याला स्पॅनिशमध्ये सांगितले, 'आपण इमर्जन्सीत आहोत, हे त्यांना सांग.' सहवैमानिकाने रेडिओवर सांगितले ते असे: 'आम्ही पुन्हा एकदा प्रयत्न करू, आमचे इंधन संपत चालले आहे.' नियंत्रकाने उत्तर दिले, 'ओके.' कॅप्टनने विचारले, सांगितलेस का? तो म्हणाला, हो सर, सांगितले. काही मिनिटांनी एकामागून एक इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक येथे टेकडीवर कोसळले. १५८ पैकी ७३ जण गेले. 'इमर्जन्सी' हा शब्द नियंत्रकांच्या कानी एकदाही पडला नाही.

सहवैमानिक खोटे बोलला नाही, हे मला येथे आवर्जून नोंदवायचे आहे. त्याच्या मते त्याने सांगितले होते. दवाखान्यात गर्दी असताना छातीत दुखणारे आजोबा 'जरा बरं वाटत नाही, लवकर बघता का' असे म्हणतात आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहतात. त्यांच्या मते त्यांनी सगळे सांगितलेले असते. 'प्राधान्य' हा रांगेतला शब्द आहे, तो रांग मान्य करतो. 'इमर्जन्सी' रांग मोडतो, आणि तो नुसता सांगायचा नसून जाहीर करायचा असतो. मराठीत 'आणीबाणी' लिहिले तर १९७५ सालाची आठवण मध्ये येते, म्हणून 'आपत्कालीन स्थिती जाहीर करणे' हाच प्रयोग मला योग्य वाटतो, आणि त्यातले 'जाहीर करणे' कधीही गाळू नये. 'रनिंग आउट'साठी 'संपत चालले आहे' ठेवावे. 'संपले' लिहिले तर वाक्य मुळापेक्षा अधिक निकडीचे होते आणि नियंत्रक निष्काळजी दिसू लागतो. पुढे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत यासाठी दोन ठरीव प्रयोग आले. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही. 'मेडे फ्युएल' म्हणजे राखीव साठ्यालाही हात लागणार आहे. दोन्ही देवनागरीत तसेच ठेवून कंसाविना एका वाक्यात अर्थ सांगावा.

प्रतिसाद ४

आकड्यांविषयी थोडी भर घालतो. १९८९ च्या फेब्रुवारीत क्वालालंपूरजवळ सुबांग येथे उतरणाऱ्या एका मालवाहू बोइंग ७४७ ला 'डिसेंड टू फोर झिरो झिरो' असे सांगण्यात आले. नियंत्रकाच्या मनातला 'टू' हा दोनचा आकडा होता, म्हणजे २,४०० फूट. कॉकपिटमध्ये तो 'पर्यंत' या अर्थाचा शब्दयोगी 'टू' म्हणून ऐकला गेला, म्हणजे ४०० फूट. विमान टेकडीला धडकून आतले चौघेही गेले. मराठीत 'दोन' आणि 'पर्यंत' यांची गल्लत होण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे येथे भाषांतर करून काहीच हाती लागत नाही. मूळ उच्चार देवनागरीत देऊन मग उलगडा करावा लागतो. आपले अडचणीचे आकडे वेगळे आहेत. फोनवर 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' सांगून पाहावे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला होता. विमानाच्या रेडिओवर हा प्रश्न एकेक अंक सुटा उच्चारून सोडवला आहे. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ' आणि नऊला 'नाइनर' म्हणतात. खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येतात, म्हणून नऊला हे शेपूट जोडले आहे.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा मनापासून आभारी आहे. 'परत म्हणून दाखवणे' यासाठी मी आधी 'री ओढणे' लिहिले होते, ते काढून टाकले, कारण री ओढणारा न तपासता मागून म्हणतो आणि येथे म्हणून दाखवण्याचा हेतूच तपासून घेणे हा आहे. 'सूचना' हा शब्द लेखात अकरा ठिकाणी आला होता. त्यांपैकी सात ठिकाणी 'आदेश', तीन ठिकाणी 'माहिती' असा बदल केला आणि एक तसाच ठेवला. पहिल्या परिच्छेदातले वाक्य आता असे झाले आहे:

'केएलएमच्या विमानाला मार्गाची मंजुरी मिळाली होती, टेकऑफची परवानगी मिळाली नव्हती. सहवैमानिकाने "आम्ही आता टेकऑफवर आहोत" असे कळवले, मनोऱ्याने "ओके" म्हटले, आणि या दोन वाक्यांच्या अर्थांची चुकामूक होऊन विमान धुक्यात धावत राहिले.'

'ओके'चे 'बरं' करून पाहिले होते. अर्थ बरोबर बसला, परंतु स्पॅनिश नियंत्रक एकदम कोकणातला वाटू लागला, म्हणून 'ओके' तसेच ठेवले आहे. कॅप्टनच्या तोंडी मात्र 'हो तर!' घेतले आहे.